दोन काठांची माती

बोटीवर चढायचं ते सगळ्यांच्या आधी आणि उतरायचं ते सगळ्यांच्या मागून, हे तानाबाईचं पहिलं सांगणं असे. आधी चढलं की डेकवर मनासारखी जागा मिळते. जागा धरायची ती बोटीच्या मधोमध, कारण बोट कावडीसारखी असते; कावडीची टोकं वरखाली होतात, खांद्यावरचा भाग जागच्या जागी राहतो. भटारखान्याच्या वाऱ्याला बसायचं नाही. धुराड्याखाली निजायचं नाही, पांघरुणाला ठिणग्यांनी भोकं पडतात. खाऱ्या पाण्यात धुतलेलं लुगडं कधीच पुरतं वाळत नाही, म्हणून सकाळी गोड्या पाण्याचा नळ सुटतो तेव्हा सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं. आणि मळमळायला लागलं की जवळच्या लाटेकडं बघायचं नाही. लांब जिथं आभाळ पाण्याला टेकतं तिथं बघायचं. सबंध समुद्रात ती एक रेघच काय ती हलत नाही.

अडचण एवढीच होती, की सोलापुरात हे ऐकायला कुणी नव्हतं. सात रस्त्याजवळच्या ज्या बोळात तानाबाईची खोली होती, तिथल्या बायकांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे तुळजापूर. नळावर त्या तिची चेष्टा करत. "तानाबाई, पाणी येईस्तोवर जरा लंडनला जाऊन येऊ की!" एक म्हणे. "नगं बाई, मी भाकरी टाकून आलेय," दुसरी म्हणे, आणि घागरी हसून हिंदकळत.

तानाबाई मूळची केमची. नवरा प्लेगात गेला तेव्हा तिनं अजून गावाबाहेरचं पाणीही धड पाहिलं नव्हतं. पोटासाठी कुर्डुवाडीला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यात आया म्हणून राहिली. मडमेला बोट लागायची, म्हणून पोरं सांभाळायला तिला विलायतेला नेलं. पोरं सुखरूप पोचली, तानाबाईही सुखरूप परत आली, आणि मग एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात तिचं नाव गेलं. तिनं इतक्यांदा समुद्र ओलांडला की एडनचे डोंगर तिला केमच्या माळासारखे ओळखीचे झाले. आता गुडघे धरले होते. बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालून ती पोट भरत असे.

तिच्यासारखं मोठं पाणी पाहिलेला दुसरा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा चहावाला चन्नप्पा. तो अक्कलकोटकडचा. लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता आणि तिथून वर नदीच्या आगबोटीनं. दोघांचं एकच भांडण असे.

"समुद्राचं काय कौतुक सांगताय, अक्का," चन्नप्पा म्हणे. "समुद्राला तळ लई लांब. नदीची बोट घडीघडी वाळूत रुतते. मग बोट हाकनारा सारंग वरडतो, समदी डाव्या अंगाला पळा! मग वरडतो, उजव्या! आमी बसऱ्यापास्नं वरपत्तूर चालतच गेलो म्हना की, बोटीतल्या बोटीत."

"तरीच तुझा चहा असा गढूळ," तानाबाई म्हणे.

त्या वर्षी पोळा झाल्यावर एका दुपारी गिरणीतला एक ओळखीचा कामगार, श्रीमंत, तिच्या दाराशी आला. त्याच्या मागं त्याची आई अंबुबाई होती, डोक्यावर पदर घट्ट आवळलेली, हातात घोंगडी. आणि तिच्या मागं, दाराच्या चौकटीत अर्धी लपलेली, त्याची भावजय मायाक्का. तिच्या कडेवर दोनेक वर्षांची मथी होती आणि आईच्या गळ्यातली काळी पोत चोखत होती.

"आत्या, वहिनीला मोंबाशाला जायाचंय," श्रीमंत म्हणाला. "तुमी जरा सांगा तिला. आमाला कुनाला कळत न्हाय."

तानाबाईनं पटकन सतरंजी अंथरली. इतक्या वर्षांनी तिच्याकडं कुणीतरी नेमकं त्याच कामासाठी आलं होतं. तिनं लुगड्याचा काष्टा सावरला, गूळ-पाणी पुढं केलं, आणि सगळं नीट सांगायला सांगितलं.

श्रीमंतचा भाऊ धुळा कुर्डुवाडीच्या कारखान्यात शिकून मोंबाशाला रेल्वेच्या कामावर गेला होता. गेला तेव्हा मायाक्का गरवार होती. मथीला त्यानं अजून पाहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी कंपनीनं बायकोचं तिकीट दिलं. एका गुजराती सुताराच्या कुटुंबासोबत मायाक्का तान्ह्या मथीला घेऊन मुंबईत बोटीवर चढली, आणि बोट पोरबंदरला लागेपर्यंत ती शुद्धीवर राहिली नाही. बोटीच्या डाक्टरनं तिला तिथंच उतरवलं. श्रीमंत पोरबंदरच्या धर्मशाळेतून तिला घेऊन आला तेव्हा तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं आणि मथी शेळीच्या दुधावर होती.

"दादानं साहेबाच्या हातापाया पडून पुना तिकीट मिळीवलंय," श्रीमंत म्हणाला. "पर साहेब म्हनला, ह्या खेपेला न्हाय आली तर परत मागू नगंस. आनि दादाचा करार वाढलाय. अजून लई वरसं तितंच ऱ्हायाचं."

"आनि इतकी वरसं बापय माणूस एकलं ऱ्हातंय व्हय?" अंबुबाई पहिल्यांदाच बोलली. "आमच्याकडं आतापास्नंच बाया इचारत्यात. धुळानं तितं दुसरं बिऱ्हाड केलं का म्हनून. हिच्या म्होरं इचारत्यात."

मायाक्कानं मथीच्या तोंडातली पोत हळूच सोडवली.

"ह्या टायमाला सोबत कोन?"

"कुर्डुवाडीच्या रामहरी फिटरची बायको, बजाबाई. सुट्टीवर आलीय, ती परत निघालीय."

"मग झालं की," तानाबाई म्हणाली, आणि सुरू झाली. कावड, भटारखाना, धुराडं, गोड्या पाण्याचा नळ, लांबची रेघ. पोराला लुगड्याच्या पट्टीनं कमरेशी कसं बांधायचं, गाठ मागं का घ्यायची, कारण पुढची गाठ पोर स्वतः सोडतं. सुंठ आणि लिंबू कुठं ठेवायचं. निजताना डोकं खाली, पाय किंचित वर. आणि कितीही ओकलं तरी माणूस तिसऱ्या दिवशी उठून बसतंच. मायाक्का सगळं ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, जणू पाठ करत होती.

पण बोलता बोलता तानाबाईच्या मनात एक कुसळ सलू लागलं. बोट सगळ्यांनाच लागते. पहिल्या दिवशी माणूस ओकतं, दुसऱ्या दिवशी मरतो की काय असं वाटतं, तिसऱ्या दिवशी उठून बसतं आणि विचारतं, जेवायला काय आहे? एका रात्रीत बेशुद्ध पडलेलं धडधाकट माणूस तिनं एवढ्या खेपांत पाहिलं नव्हतं. आणि ही तर धनगराची लेक. उन्हातान्हात मेंढरांमागं चाललेली.

"बसली कुटं व्हतीस तू?" तिनं विचारलं.

"मधीच. वारा येत व्हता."

"वास?"

"वास न्हवता काय."

"कुनीकडं बघत व्हतीस?"

"मथीकडं."

"निगायच्या आधी काय खाल्लंस?"

"काय न्हाय."

"बरं, बोट सुटल्यावर?"

मायाक्कानं सासूकडं पाहिलं. प्रश्नच कळला नाही असा तिचा चेहरा झाला. "सुटल्यावर कसं खायाचं, आत्या? पान्यात व्हते की मी."

"म्हंजी?"

"आमच्या घरात नदी वलांडताना कुनी तोंड हालवत न्हाय," अंबुबाई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "अल्याडच्या काठावर चूळ भरून तोंड मिटायचं, पल्याडच्या काठावर पाय टेकला की उघडायचं. पान्याचा थेंबबी न्हाय. नदीवर बसून खाल्लं तर नदी उष्टी हुती."

तानाबाईनं मनात हिशेब केला. भीमा ओलांडायला किती वेळ लागतो? भोयांनी काहील ढकलत नेली, तर चिलीम विझायच्या आत माणूस पलीकडं. गुळाच्या त्या मोठ्या कढईत बसून तीही लहानपणी पलीकडं गेली होती. पण मोंबाशाचा काठ? तो यायला पंधरवडाही लागतो.

"आगं माजे बाई!" ती मायाक्काला म्हणाली. "तू काय मोंबाशापत्तूर तोंड मिटून जानार व्हतीस?"

"मला काय ठावं कवा काठ येतो ते?" मायाक्का म्हणाली. "मला वाटलं सांजच्याला यील."

श्रीमंत कपाळाला हात लावून बसला. तानाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. ओकून ओकून रिकामं झालेलं पोट, त्यात पाण्याचा घोट नाही, अंगावर पिणारं मूल. बेशुद्ध पडणार नाही तर काय होणार?

"ऐक," ती मायाक्काला म्हणाली. "बोटीवर रिकामं पोट ह्याच्यापरीस वाईट काय न्हाय. सदा चावत ऱ्हायाचं. वल्लं न्हाय, कोरडं. आपली कडक भाकरी शेंगाच्या चटणीसंगं. कंटाळा आला तरी चाव. ओकलीस तरी चाव. मी सात समुद्रावर खाल्लंय. मला कुठल्या नदीनं काय केलं?"

अंबुबाई उठली. "तुजा नवरा कुटं हाय?" ती म्हणाली.

बाहेर कल्हईवाला ओरडत गेला.

"आई!" श्रीमंत म्हणाला.

"काय चुकीचं इचारलं? हिनं खाल्लं, तिचं तिला. माज्या सुनेला शिकवू नगं म्हनावं." अंबुबाईनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि ती बोळात उतरली. श्रीमंत तिच्या मागं धावला.

नवरा गेला तेव्हा मी बोट चित्रातसुद्धा पाहिली नव्हती, हे तानाबाईच्या जिभेवर आलं होतं. पण कुणाला सांगायचं? ती गूळ-पाण्याचे पेले उचलू लागली. मायाक्का अजून तिथंच होती; मथीची कुंची शोधतो आहोत असं दाखवत होती.

"आत्या, वाईट वाटून घिऊ नका," ती खाली बघून म्हणाली. "त्यांचा पयला ल्योक, येडूभावजी. मेंढरं घिऊन नदी वलांडत व्हते. बारा वरसांचं पोर. तोंडात फुटानं व्हते. मधीच ठसका लागला, हात सुटला. सापडले तवा कनवटीला फुटानं तसंच व्हते. तवापास्नं सासूबाई नदीत पाय घालत न्हाईत. पल्याड म्हायेर हाय त्यांचं. न्हाई गेल्या."

तानाबाईनं पेले खाली ठेवले.

"तूबी मानतीस?" तिनं विचारलं.

"मला लई भ्या वाटतं," मायाक्का म्हणाली. "जायाचं तर हायच. न्हाय गेले तर ते मला इसरतील. पर तोंडात घास घेतला आनि मथीला काय झालं तर? मग धुळाम्होरं कंच्या तोंडानं जाऊ?" नवऱ्याचं नाव तोंडातून गेल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

तानाबाईकडं ह्याला उपाय नव्हता. सुंठ होती, लिंबू होतं, सगळ्या बोटींची सगळी माहिती होती. पण घास गिळायचा तो घशानं, आणि घसा भीतीनं मिटलेला असेल तर कडक भाकरीचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चन्नप्पाच्या दुकानाशी गेली तर बाकाच्या टोकाला अंबुबाई बसलेली. गावाकडं जाणारी सर्व्हिस मोटार तिथूनच सुटायची. श्रीमंत आणि मायाक्का मोटारीच्या टपावर बोचकी चढवत होते. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनी मोटारीकडं तोंड केलं.

चन्नप्पाला कालची हकीगत श्रीमंतकडून कळली होती. त्यानं अंबुबाईपुढं चहा ठेवला आणि तिला विचारलं, "मेंढरं किती हायत, अव्वा?"

"हायत घरापुरती."

"नदीतनं न्यायाच्या आधी चारता का तुमी?"

ह्यानं कधी मेंढरू पाहिलंय का, अशा नजरेनं अंबुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "चारल्यावर मेंढरू पवतंय व्हय? फुगतं आनि बुडतं. रातभर उपाशी ठिवायचं, मग पान्यात घालायचं."

"आमीबी तसंच," चन्नप्पा म्हणाला. "आमच्याकडंबी भीमाच हाय की. तर मी बसऱ्याला काय केलं, नदीतनं जायाचं म्हनून माजी खेचरं रातभर उपाशी ठिवली. सकाळी पडावात चढीवली. आगबोटीच्या दोनी अंगाला सपाट पडाव बांदल्याले असत्यात, त्येच्यात. दोपारपत्तूर दोन खेचरं आडवी. डोळं पांढरं, पाय ताठ. जमादार आला आनि मला म्हनला, का रं, उपाशी का ठिवली? मी म्हनलं, नदी हाय की, साहेब. तर त्यो काय म्हनला ठावं हाय?"

"काय म्हनला?" अंबुबाईनं चहा खाली ठेवला.

"म्हनला, गाढवा, ह्यांला काय पवत जायाचंय? हलत्या जागंवर उभं ऱ्हायाचं म्हंजी सारखं तोल सावरायचा. त्येला ताकद लागती. बसून जानाऱ्या जनावराला चारायचं, पवनाऱ्याला उपाशी ठिवायचं. मग मी रोज थोडं थोडं गवत टाकत गेलो. एक खेचर न्हाई पडलं परत."

"त्यी दोन उठली?"

"एक उठलं," चन्नप्पा म्हणाला.

अंबुबाईनं बशी पुन्हा उचलली आणि चहा संपवला. मेंढरांबद्दल कुणी खोटं सांगितलं तर तिला लगेच कळत असे, आणि हे खोटं नव्हतं. मोटारीचा भोंगा वाजला. ती उठली, तानाबाईच्या अंगावरून पुढं गेली, आणि पायरीवर एक पाय ठेवून मागं न बघताच म्हणाली, "खेचरांचं कळलं मला. पर खेचराला नदीचं काय लागत न्हाय. मानसाला लागतं."

मोटार धूळ उडवत गेली.

पुढचे दिवस तानाबाईनं कडक भाकऱ्या करण्यात घालवले. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या तव्यावरून काढून ती मंद निखाऱ्यावर पापडासारख्या वाळवी आणि धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवी. नळावरच्या बायका विचारत, "कुनाला एवढ्या?" ती म्हणे, "खानारी हाय एक." पण खाईल की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं. मुंबईपर्यंत आपणही जायचं, हे मात्र तिनं ठरवून टाकलं. निदान जागा तरी मनासारखी धरून देता येईल.

निघायच्या दिवशी सकाळी स्टेशनवर श्रीमंत, मायाक्का आणि मथी आधीच आले होते. बजाबाई कुर्डुवाडीला गाडीत चढणार होती. अंबुबाई कुठं दिसेना.

"आई यील की न्हाय, ठावं न्हाय," श्रीमंत म्हणाला. "परवापास्नं कुनाशी बोलत न्हाय. काल सकाळीच कुटं गेली, त्ये रातीला आली, कमरेपत्तूर भिजलेली."

गाडी फलाटाला लागली, आणि लोकांच्या गर्दीतून अंबुबाई आली. तिच्या दोन्ही हातांत बिस्किटाचा एक जुना चौकोनी डबा होता, आणि तो ती भरलेल्या घागरीसारखा जपून आणत होती. डबा तिनं मायाक्काच्या पायाशी ठेवला आणि झाकण काढलं. आत ओली माती होती. मधोमध एक लाकडी फळी उभी घातली होती. फळीच्या एका बाजूला काळी माती, दुसऱ्या बाजूला तांबूस वाळूमिश्रित.

"ही काळी, अल्याडची. आपल्या घाटावरली," अंबुबाई म्हणाली. "आनि ही पल्याडची. माज्या म्हायेरच्या काठाची."

श्रीमंतचं तोंड उघडं राहिलं. "तू पल्याड गेलतीस? पानी किती हाय नदीला!"

"भोयांनी काहील नेली. मोठी काहील हाय, बुडत न्हाय." मग ती थोडी थांबली. "डोळं मिटून बसलते. येताना उघडलं."

तिनं डब्यापुढं बसकण मारली, तिथंच फलाटावर, लोकांच्या पायात. "नीट बग. भूक लागली की डबा उघडायचा. आदी काळीवर पाय ठिवायचा आनि तोंड मिटायचं. नदीला हात जोडायचं. मग पाय उचलून फळीच्या पल्याड टाकायचा, ह्या तांबडीवर. पोचलीस. काठावर उतरलीस. मग खा पोटभर. कुनाचं उष्टं न्हाय, कुनाचा कोप न्हाय. परत भूक लागली की परत वलांड." तिनं स्वतःचा भेगाळलेला पाय डब्यात घालून दाखवला; काळीतून तांबडीत. "दिसातनं धा येळा वलांड. माज्याच्यानं बावीस वरसांत एकदाबी झालं न्हवतं."

मायाक्का वाकून सासूच्या पाया पडायला गेली तर पायाला माती लागलेली. हाताला आलेली ती तिनं पुसली नाही.

अंबुबाई मग तानाबाईकडं वळली. "तुमच्या बोटीवर डबा ठिवू देत्यात का?"

तुझ्याचं तुमच्या झालेलं तानाबाईच्या लक्षात आलं. "मधल्या जागंत ठिवू," ती म्हणाली. "तितं कमी हलतं. माती सुकली तर गोड्या पान्याचं बोट फिरवायचं, खाऱ्या न्हाय. तिला मी सांगते."

"आनि तिसऱ्या दिशी उठून बसतं म्हनला व्हता ते खरं न्हवं?"

"खरं हाय, अंबुबाई. मी बसलेय."

गाडी सुटली. कुर्डुवाडीला बजाबाई चढली. जाडजूड, बोलकी बाई, कानात मोंबाशाची सोन्याची बाळी. तिनं डबा बघून विचारलं, "ह्येच्यात तुळस लावनार का काय?" मायाक्कानं सांगितलं. बजाबाई हसेल असं तानाबाईला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आमची सासू तर लिंबू उतरून टाकती. तितं रेल्वेच्या चाळीत समद्या बायांनी कायबाय आनलंय. एका पंजाबनीनं तर हिरीचं पानी आनलंय बाटलीत." केम मागं पडलं तेव्हा तानाबाई खिडकीतून गावाकडचा माळ बघत राहिली. भिगवणच्या अलीकडं भीमेचा पूल आला तशी मायाक्कानं चूळ भरून ओठ मिटले. मथी मात्र कडक भाकरीचा तुकडा चघळत राहिली. लहान लेकराला नेम नाही, असं आजीनं सांगून ठेवलं होतं.

मुंबईच्या धक्क्यावर तानाबाईनं दोघींना उजाडायच्या आधी रांगेत उभं केलं. दरवाजा उघडला तशी ती दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढली, डेकवर मधोमध, वाऱ्याला पण धुराड्यापासून लांब, तिनं सतरंजी पसरली आणि तिच्यावर स्वतः आडवी झाली, म्हणजे दुसरं कुणी जागा घेणार नाही. बजाबाई म्हणाली, "बया, तुमी तर पक्क्या दर्यावर्दी!" हे ऐकायला नळावरच्या बायका असायला हव्या होत्या, असं तानाबाईला वाटून गेलं.

पोचवायला आलेल्यांना उतरायची घंटा झाली. मायाक्कानं तानाबाईचा पदर धरला. "आत्या, तुमी असता तर," ती म्हणाली.

"मी हाय की. कावड?"

"मधी बसायचं."

"गाठ?"

"मागं."

"बघायचं कुटं?"

"लांबच्या रेघंवर."

"आनि उतरल्यावर जमीन हलंल. भिऊ नगंस. दोन दिस हलती, मग थांबती. धुळा म्हनंल, झोकांड्या का देतीस? त्येला सांग, तुजी मोंबाशाच हलतीया."

मायाक्का हसली. तानाबाईनं एवढ्या दिवसांत तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

बोट सुटली तेव्हा तानाबाई धक्क्यावर पाठीमागं, एका मालाच्या गाठोड्यावर बसली होती. वरच्या कठड्याशी लोकांची झुंबड होती. रुमाल, हात, रडणं. मायाक्का कठड्याशी आली नाही. माणसांच्या फटीतून तानाबाईला ती दिसली: सतरंजीवर बसलेली, मथी कमरेशी बांधलेली, पुढं डबा उघडा. तिनं एक पाय आत ठेवला. हात जोडले. बोट आणि धक्का यांच्यात पाण्याची पट्टी रुंद होत गेली. मग तिनं पाय उचलून फळीच्या पलीकडं ठेवला, फडक्यातली भाकरी मोडली आणि मोठा घास तोंडात घातला. हात हलवायला तिला हातच मोकळा नव्हता. ती नुसती चावत होती, गाल भरभरून, आणि नजर लांब, जिथं आभाळ टेकतं तिथं.

ती पोचल्याची खबर सोलापुरात यायला महिना गेला. बजाबाईनं नवऱ्याकरवी श्रीमंतला कळवलं, की मायाक्का दोन दिवस ओकली आणि ओकता ओकता चावत राहिली. तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि शेजारच्या बायकांची पोरं सांभाळू लागली. पुढं पुढं त्या पोरांनी डबा ओलांडायचा खेळच केला. मोंबाशाला धुळा धक्क्यावर उभा होता, आणि मथीनं पहिलं काय केलं असेल तर त्याच्या कोटाची बटणं तोंडात घातली.

पण हे नंतरचं. मुंबईहून परत येताना तानाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुपारची वेळ होती, गाडीचा डबा अर्धा रिकामा, समोरच्या बाकावर एक म्हातारा घोरत होता. भिगवण गेलं तशी तिला भूक लागली. बोचक्यातून तिनं उरलेली कडक भाकरी काढली, चटणीची पुरचुंडी सोडली, घास मोडला. आणि गाडीच्या चाकांचा आवाज बदलला. खाली पूल होता, पुलाखाली गढूळ, रुंद, तुडुंब भीमा.

सात समुद्रांवर बिनधास्त जेवलेली तानाबाई घास हातात तसाच धरून बसली. ओठ मिटलेले. लांब पाण्यात एक काळा ठिपका गिरक्या घेत पलीकडं सरकत होता. काहील असावी, बहुधा. पूल सरला, चाकं पुन्हा जमिनीवर आली. तानाबाईनं पाय बाकाखाली नीट टेकले आणि मग घास तोंडात घातला.